पी०४८० म्हणजे पंख्याची मोटार गेली, असा अर्थ होत नाही

मडगावच्या एका गृहस्थांनी विचारले आहे की, त्यांच्या २०१६ सालच्या पेट्रोल गाडीत चेक इंजिनचा दिवा लागला, ब्लूटूथच्या स्वस्त स्कॅनरने पी०४८० हा बिघाडाचा कोड दाखवला, गाडी रांगेत उभी राहिली की तापते आणि गॅरेजमध्ये रेडिएटरच्या पंख्याची मोटार बदलायला सांगितली आहे. तर ही मोटार घरी बदलता येईल का, कोणत्या कंपनीची घ्यावी आणि तोपर्यंत कोड पुसून गाडी चालवली तर चालेल का.

मोटार विकत घेऊ नका. कंपनीचा प्रश्न त्यानंतर येतो आणि बहुधा येणारच नाही.

हे इतक्या ठामपणे लिहितो, कारण हाच कोड, हाच सल्ला आणि त्यापायी झालेला खर्च मी स्वतः भोगला आहे. मी डिचोलीचा. २०१२ साली खाणी बंद पडेपर्यंत एका खाणीच्या कार्यशाळेत पाण्याच्या पंपांच्या मोटारी सांभाळणे हेच माझे काम होते, त्यामुळे मोटार जळाली आहे की तिच्यापर्यंत वीज पोहोचत नाही, हे ओळखता येण्याबद्दल मला थोडा अभिमान होता. स्वतःच्या गाडीच्या बाबतीत तो अभिमान मी दोन महिने गुंडाळून ठेवला, याची खंत अजून जात नाही.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दोन दिवस आधी माटोळीचे (गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांचे) सामान आणायला आम्ही म्हापशाच्या बाजारात गेलो होतो. डिचोलीहून म्हापशापर्यंत गाडीने काहीही कुरकुर केली नाही, पण बाजाराजवळच्या गर्दीत वीस मिनिटे सरकत राहिल्यावर तापमानाचा लाल दिवा लागला. गाडी वेगात असताना समोरचा वाराच रेडिएटर थंड करतो, पंख्याची गरज लागते ती गाडी उभी असताना. म्हणून धावताना ठीक आणि रांगेत गरम हे लक्षण पाहिले की थर्मोस्टॅट किंवा पाण्याच्या पंपाआधी पंख्याकडे पाहायचे. मी एसी बंद केला, इंजिनाची उष्णता ओढून घ्यायला हीटर पूर्ण सोडला (गोव्यात हीटरचा हा एकच उपयोग मला माहीत आहे), केळीचे घड आणि आंब्याचे टाळे मांडीवर घेतलेल्या मंडळींच्या शिव्या खाल्ल्या आणि मोकळ्या रस्त्याने घर गाठले.

चवथीला मेहुणे आले. त्यांच्या दोन टॅक्सी कळंगुटच्या बाजूला चालतात, त्यामुळे गाड्यांविषयी शेवटचा शब्द आमच्या घरात त्यांचा असतो. त्यांनी आपला स्कॅनर लावला, पी०४८० वाचला, मोबाइलवर त्याच्यापुढे "कूलिंग फॅन" हे शब्द दिसले आणि निकाल दिला की पंखा गेला. मी म्हटले, आधी मोटारीला थेट वीज देऊन पाहू. त्यावर ते म्हणाले, "भावोजी, मशीन खोटे बोलत नाही." सण होता, पाहुणे होते, मी गप्प बसलो. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये साडेपाच हजार रुपये देऊन नवी मोटार बसवली. पंखा फिरला. मेहुण्यांनी फोन करून ऐकवलेही.

अकरा दिवसांनी पंखा पुन्हा थांबला आणि कोडही तोच.

मेहुणे म्हणाले ते खरे होते, मशीन खोटे बोलत नव्हते; आम्ही ते वाचले चुकीचे. पी०४८० हा कोड पहिल्या पंख्याच्या नियंत्रण सर्किटाविषयी आहे, पंख्याविषयी नव्हे. ज्या साध्या गाड्यांत पंखा रिलेवर, म्हणजे बारीक प्रवाहाने जाड प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचवर, चालतो, त्यांत ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला) मोटार दिसतच नाही. त्याला दिसते ती फक्त रिलेच्या कॉइलकडे जाणारी बारीक तार. रिलेच्या ८५ आणि ८६ या दोन पायांमध्ये कॉइल, म्हणजे तारेचे वेटोळे, असते. एका पायाला बॅटरीचा प्रवाह येतो आणि दुसरा पाय ईसीयू वेळ आली की अर्थिंगला जोडतो. त्या वाटेवर तार तुटली, जोडणी सुटली किंवा कॉइल जळाली, की हा कोड पडतो. मोटारीचा जाड प्रवाह ३० आणि ८७ या पायांतून वेगळ्याच रस्त्याने जातो. मोटार पूर्ण जळून कोळसा झाली, तरी अशा गाडीत केवळ तेवढ्या कारणाने पी०४८० पडणार नाही, आणि मोटार अगदी कोरी असली तरी तो जाणार नाही.

एवढे त्या वेळी उमगले असते तर पुढचे टळले असते. पण पंखा दुसऱ्यांदा थांबल्यावर सर्वांचाच धीर सुटला होता, आणि मेहुण्यांनी सुचवल्याप्रमाणे गॅरेजने पंखा "डायरेक्ट" करून दिला, म्हणजे रिलेला बगल देऊन डॅशबोर्डवर एक स्विच बसवला. या डायरेक्ट करण्याविषयी माझे मत कठोर आहे आणि ते बदलणार नाही. टॅक्सीवाल्याला गाडी तासाभरात रस्त्यावर हवी असते आणि दिवसभर त्याचे लक्ष गाडीवरच असते, तेव्हा त्याने संध्याकाळपर्यंतची सोय म्हणून ते केले तर मी समजू शकतो. घरच्या गाडीत, जी आज मी, उद्या मुलगी आणि परवा शेजारी चालवणार, तिच्यात इंजिनाचा जीव एका माणसाच्या आठवणीवर टांगून ठेवणे हा निव्वळ अडाणीपणा आहे. स्विच कायम चालू ठेवला तर दहा-पंधरा अँपिअरचा भार विनाकारण आल्टरनेटरवर पडतो आणि पंख्याच्या मोटारीचे ब्रश झिजतात. बंद ठेवला तर कधीतरी विसरतोच.

मी विसरलो. पणजीहून परत येताना पर्वरीच्या उड्डाणपुलाच्या कामामुळे लांबलचक रांग लागली होती, शेजारी बसलेल्या पत्नीशी मुलीच्या लग्नाच्या हॉलवरून बोलणे चालले होते, आणि लाल दिव्याकडे लक्ष गेले तेव्हा बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. हेड गास्केट (इंजिनाच्या हेडखालची सील) गेले, हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, द्यावे लागले आणि अठरा हजार रुपयांना चटका बसला. त्यानंतरच्या प्रत्येक सणाला मेहुणे एकच वाक्य बोलतात: "स्विच लावायला तुम्ही विसरलात, त्यात यंत्राचा काय दोष?"

इंजिन जोडून आल्यावर एका रविवारी मी पूर्वीची वायरिंग परत लावली आणि स्वतः मल्टिमीटर घेऊन बसलो. रिले उपसला, सॉकेटमधल्या ३० आणि ८७ च्या जागा फ्यूज लावलेल्या तारेने जोडल्या, आणि पंखा सणसणत फिरला. म्हणजे मोटार, तिचा फ्यूज, जाड वायर आणि अर्थिंग हे सारे एका झटक्यात निर्दोष सुटले. मग चावी चालू करून कॉइलच्या जागा मोजल्या. एकीवर बारा व्होल्ट होते. राहिली ईसीयूकडे जाणारी जागा. टॉर्च मारून पाहिले तर सॉकेटमधली ती पितळी पट्टी हिरवी पडली होती आणि तिचे ओठ पसरून सैल झाले होते. बॉनेटखालच्या रिलेपेटीच्या झाकणाचे रबर फाटलेले होते आणि आमच्या पावसात चार महिने तिथे ओल राहत होती. कॉइलमधून जेमतेम दीड-दोनशे मिलिअँपिअर प्रवाह जातो. जाड जोडणी खराब झाली तर ती तापून काळी पडते, प्लॅस्टिक वितळते आणि कोणाच्याही डोळ्यांत भरते. ही बारीक जोडणी मात्र बाहेरून काही न दाखवता निकामी होते. ऑटो इलेक्ट्रिशियनने ती पट्टी बदलली आणि दीडशे रुपये घेतले. तेव्हापासून दोन पावसाळे गेले, कोड परत आलेला नाही.

मग नवी मोटार बसवल्यावर अकरा दिवस पंखा चालला कसा, हा मेहुण्यांचा हुकमी प्रश्न. मोटार बदलताना मेस्त्रीने रिले काढून परत बसवला असणार. पाय पट्टीवर घासला गेला, थर खरवडला आणि जोडणी काही दिवस जमली. दुरुस्ती झाली ती रिले बसवणाऱ्या हाताने, पैसे गेले मोटारीचे. हे पटवण्यासाठी मी पुढच्या चवथीला अडगळीतली जुनी मोटार काढली, व्हरांड्यात बॅटरीला जोडली आणि आरती संपून जेवणे होईपर्यंत तासभर चालत ठेवली. मेहुणे म्हणाले, इंजिनाजवळच्या उष्णतेत ती अडकत असेल. खरे सांगायचे तर ब्रश झिजलेली मोटार गरम झाल्यावर अडकते, हे मीही खाणीवर पाहिले आहे, आणि तेवढ्यापुरता त्यांचा मुद्दा खोटा नाही. पण अशी मोटार ईसीयूच्या बारीक तारेत बिघाड कसा दाखवील, याचे उत्तर त्यांनी अजून दिलेले नाही.

तेव्हा आपण आधी शेजारचा त्याच आकाराचा आणि त्याच पायांच्या मांडणीचा रिले, बहुधा हॉर्नचा, पंख्याच्या जागी लावून पाहा. फरक पडला तर लगेच खूश होऊ नका, आमच्यासारखी नुसती घासाघीस झाली असेल. सॉकेटमध्ये टॉर्च मारा. मग वर सांगितलेली जोडतारेची परीक्षा करा किंवा गॅरेजवाल्यांना आपल्यासमोर करायला सांगा. पंखा फिरला, तर मोटारीचा विषय तिथेच संपला. कोड पुसू मात्र नका. त्याच्यासोबत फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड पडला त्या क्षणीचे तापमान, वेग आणि इंजिनाचे फेरे साठवलेले असतात आणि कोड पुसला की तेही जातात. बॅटरी काढल्यावरही बहुधा जातात, म्हणून त्याआधी कागदावर उतरवून घ्या. पंखा बंद असताना गाडी चालवणे हे कोड पुसण्या-न पुसण्यावर अवलंबून नाही. मडगावच्या बाजारातून तर नकोच.

हे आधी लिहायला हवे होते: जोडतार लावताना जागा चुकली आणि बारा व्होल्ट थेट ईसीयूच्या तारेवर गेले, तर ईसीयू जळू शकतो, म्हणून पायांचे आकडे रिलेच्या बुडावर वाचून दोनदा ताडून मगच हात घाला. पंखा चावी बंद असतानाही अचानक फिरतो, बोटे दूर ठेवा. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका. आणि आपल्या गाडीत रिलेऐवजी पंख्यालाच जोडलेले नियंत्रण मॉड्यूल असेल, तर ते मोटारीचाही बिघाड ईसीयूला कळवू शकते. अशा गाडीला वरचे रिलेचे निदान लागू होत नाही आणि गॅरेजवाल्यांचे म्हणणे बरोबरही असू शकेल.