मधेच पळणारा कीबोर्ड

प्रश्न : विंडोज ११ वर मराठी इनस्क्रिप्ट आणि इंग्रजी असे दोन्ही लेआउट ठेवले आहेत. टाइप करताना मधेच लेआउट आपोआप बदलतो. 'क' हवा असतो आणि इंग्रजी 'k' उमटते. काय करावे?

उत्तर : तो आपोआप बदलत नाही, तुमची बोटे बदलतात. डावे आल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले की भाषा बदलते. शिफ्टकडे जाणाऱ्या बोटाला आल्टचा धक्का लागला तरी पुरे. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, अॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज असे जा. तिथे 'इनपुट लँग्वेज हॉट कीज' उघडा, 'चेंज की सिक्वेन्स'मध्ये दोन्ही बाजूंना 'नॉट असाइन्ड' निवडा आणि ओके करा. यापुढे बदल फक्त विंडोज-की आणि स्पेसबारने करा. हे दोन्ही चुकून एकत्र दाबले जाणे कठीणच.

त्याच पानावर प्रत्येक अॅपच्या खिडकीला वेगळी इनपुट पद्धत ठेवायची खूण आहे, तीही करा. मग लेख मराठीत आणि ईमेल इंग्रजीत, दोन्ही आपापल्या जागी राहतात. पासवर्ड बरोबर असूनही नाकारला गेला, तर आधी लॉक स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातला लेआउट पाहा.