शांघायला ४ रात्री, सोबत साडेतीन आणि सहा वर्षांची मुलं, आणि शाकाहारी जेवणाची काळजी. यात बीजिंग आणि डिस्नीलँड दोन्ही बसेल का?

बसेल. शांघाय ते बीजिंग १,३१८ किलोमीटर, बुलेट ट्रेनला साधारण साडेचार तास. सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणाला बीजिंगमध्ये. कागदावर सगळं बसतं. आमच्या भावोजींच्या एक्सेल शीटमध्येही बसलं होतं.

मी नोकरीनिमित्त शांघायला असतो. एका मे महिन्यात ताई, भावोजी आणि दोन्ही भाचरं आली. मुलांची वयं जवळपास तुमच्या मुलांएवढीच. भावोजी बँकेत आहेत, त्यामुळे सहलीचाही ताळेबंद जुळलाच पाहिजे. प्रत्येक ठिकाणापुढे मिनिटं लिहिलेली, आणि मुलांच्या झोपेसाठी रकानाच नाही. मी म्हटलं, बीजिंग वगळा, तिकडे पुन्हा कधी निवांत जाऊ. त्यावर उत्तर आलं, "एवढा व्हिसाचा खटाटोप करून यायचं आणि राजवाडा न बघता परत जायचं? लोक काय म्हणतील?" ही लोक नावाची मंडळी आमच्या घरात फार वजनदार आहेत.

गेलो. आता त्या राजवाड्याची, म्हणजे फॉरबिडन सिटीची गंमत ऐका, कारण ती कुठल्याच ट्रॅव्हलवाल्याच्या पत्रकात नसते. आत शिरायचं दक्षिणेच्या दरवाजाने, बाहेर पडायचं मुख्यतः उत्तरेकडून. मध्ये जवळपास एक किलोमीटर फरसबंदी. पुढच्या मोठ्या चौकांमध्ये औषधालाही झाड नाही. झाडं आहेत ती पार उत्तरेच्या टोकाला, राजाच्या बागेत. दरवाजाशी पोचायच्या आधीच तिआनआनमन चौकाच्या बाजूला तपासणीची रांग, पासपोर्ट, बॅगा. त्यात मुलांची बाबागाडी. चौकाचौकात पायऱ्या आणि दारादाराला गुडघ्याएवढे उंबरे. बाबागाडी बहुतेक वेळ भावोजींच्या हातात आणि भाची ताईच्या खांद्यावर. निम्म्यात पोरीने "शू" म्हटलं तेव्हा मागे फिरणं गर्दीमुळे शक्य नव्हतं आणि पुढचं स्वच्छतागृह दोन चौक पलीकडे.

भाचा मात्र खूश होता. त्याला हौद सापडले होते. मुख्य दरबाराच्या आसपास धातूचे प्रचंड हौद ठेवलेत, दोन माणसं आत बसतील एवढे. "मामा, एवढी मोठी कढई कोणाची?" मी सांगितलं की सगळा वाडा लाकडाचा, आग लागली तर विझवायला यात पाणी भरून ठेवायचे, आणि थंडीत पाणी गोठू नये म्हणून खाली विस्तव पेटवायचे. त्याने लगेच खाली वाकून विस्तवाची जागा शोधली. काही हौदांवर सोन्याचा मुलामा होता, आणि आता त्यावर नुसते ओरखडे दिसतात. १९०० साली आठ देशांच्या फौजा बीजिंगमध्ये घुसल्या तेव्हा सैनिकांनी संगिनीने ते सोनं खरवडलं असं सांगतात. त्या फौजांमध्ये इंग्रजांनी आणलेले आपले हिंदुस्थानी शिपाईही होते, हे मी भावोजींना ऐकवलं, कारण ते इतिहासाचे भोक्ते आहेत. पण शीटप्रमाणे आम्ही चाळीस मिनिटं मागे होतो.

"चल, सिंहासन बघायचंय," म्हणून त्यांनी पोराला ओढत नेलं. सिंहासन दारातूनच बघायचं असतं, आत सोडत नाहीत. दारापुढे कठडा, कठड्यापुढे मोबाईल उंचावलेले दीडेकशे हात. भावोजींनी भाच्याला खांद्यावर घेतलं. "दिसलं का?" "नाही." "ते बघ, सोनेरी." "बाबा, मला कढई बघायची." यावर भर दरबारात बापलेकाचं जे वाजलं, ते बघून एका चिनी आजींनी पिशवीतून काकडी काढून पोराच्या हातात दिली. त्याने ती सगळी खाल्ली. संध्याकाळच्या गाडीने शांघायला परतताना दोन्ही मुलं आणि भावोजी, तिघंही तोंड उघडं टाकून झोपले होते.

आजही घरी विषय निघाला की भावोजींचं म्हणणं, "मुलांनी राजवाडा बघितला हे तर खरं ना?" आणि माझं म्हणणं, मुलाने हौद बघितले, तेही तुम्ही बघू दिलेत तेवढेच. ताई यात बोलत नाही, पण तिच्या फोनमध्ये त्या दिवसाचा एकच फोटो ठेवलाय, काकडीचा.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. चार रात्रींत एक शहर. चीनमध्ये ठिकाणं मोजू नका, पायपीट मोजा. इथे मेट्रोची लाइन बदलायची म्हटलं तरी लांबलचक बोगदे चालावे लागतात, प्रत्येक स्टेशनात बॅग स्कॅनरमधून जाते, आणि रेल्वे स्टेशनं विमानतळाएवढी. सहा वर्षांचं मूल दिवसाला एक मोठी गोष्ट झेपवतं. साडेतीन वर्षांचं ती अर्धी झोपेत बघतं.

बीजिंगच हवं असेल तर शांघाय सोडा, आणि तिथे गेल्यावर राजवाडा सोडून मुतियानयूची भिंत करा. वर जायला केबल कार आहे, उतरताना घसरगाडी आहे. मुलांना चीनची भिंत कळेल ती घसरगाडीमुळेच, ती बांधणाऱ्या मिंग घराण्यामुळे नाही.

शांघायमध्ये विमानतळावरून मॅगलेव्ह, म्हणजे चुंबकावर तरंगत धावणारी ट्रेन घ्या. तीस किलोमीटर, आठेक मिनिटं, तिकीट ५० युआन. पूर्वी ताशी ४३१ किलोमीटरच्या वेगाने पळायची, २०२१ पासून ३०० वर आणलीय, पण डब्यातल्या पाटीवर आकडा चढताना बघून मुलांचा आवाज तेवढाच चढतो. हुआंगपू नदी टॉवरच्या टोकावरून बघण्यापेक्षा साध्या प्रवासी फेरीबोटीने ओलांडा, २ युआनमध्ये. माझ्या मते शांघायमधली सगळ्यात वसूल गोष्ट तीच. एक दिवस नॅचरल हिस्ट्री म्युझियम, डायनासोर आहेत, एसी आहे, मेट्रोचं स्टेशन लागूनच. सोमवारी बंद. एक सकाळ फूशिंग पार्कमध्ये काढा. तिथे पेन्शनर मंडळी नाचतात, पत्ते कुटतात, कोणी लांब ब्रश पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं काढत असतं. भावोजींच्या भाषेत हे "काहीच न बघणं". त्यांच्या पोरीने मात्र त्या ब्रशवाल्या आजोबांच्या मागे मागे अख्खी सकाळ काढली आणि एकदाही "घरी कधी जायचं" विचारलं नाही.

डिस्नीलँडबद्दल स्पष्ट सांगतो: फक्त त्यासाठी शांघायला येत असाल तर हाँगकाँगला जा. तिथलं पार्क लहान आहे, इंग्रजी चालतं, चालणं कमी. शांघायचं २०१६ साली उघडलेलं पार्क भव्य आहे, पण ट्रॉन या गाजलेल्या राइडला १२२ सेंटिमीटर उंची लागते. तुमच्या मुलाची उंची आत्ताच मोजून घ्या. तिथल्या उंचीच्या पट्टीपाशी उभं राहून फोनच्या भाषांतरातून हुज्जत घालणारे वडील मी बघितलेत. पट्टीपाशी कामाला असलेली मुलगी शेवटपर्यंत हसत असते आणि सोडत नाही.

जेवणाची काळजी करताय ती रास्त आहे. शाकाहार म्हणजे काय हे समजावण्यापेक्षा मांस, मासे, चरबी, अंडं यातलं काय चालत नाही ते चिनी लिपीत लिहून फोनमध्ये ठेवा, कारण भाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते. नानजिंग रोडवर १९२२ पासूनचं गोंगदलीन नावाचं शाकाहारी हॉटेल आहे. आणि उपमा-पोह्यांची पाकिटं आणाच, कारण चीनची एक सोय जगात मी दुसरीकडे बघितली नाही: उकळत्या पाण्याचा नळ. स्टेशनात, विमानतळावर, बुलेट ट्रेनच्या डब्यात, फुकट. झाकणाचा डबा आणि चमचा पिशवीत असला की पोरांचं जेवण कुठेही होतं.

पैशांसाठी अलीपे हे फोनवरून पैसे द्यायचं ॲप निघायच्या आधीच घरी बसून सुरू करा आणि कार्ड जोडा. २०० युआनच्या वरच्या व्यवहाराला विदेशी कार्डावर ३ टक्के लागतात. मेट्रोत १.३ मीटरखालचं एक मूल एका मोठ्या माणसाबरोबर फुकट. गूगल आणि व्हॉट्सॲप स्थानिक सिमवर चालत नाहीत, भारतातलं रोमिंग घ्या.

आता राहिलेल्या अटी. तिसऱ्या देशात जाताना वाटेत चीनमध्ये थांबायची २४० तासांची व्हिसामुक्त ट्रान्झिट सवलत आपल्या पासपोर्टला नाही, कोणी एजंट सांगत असेल तर ऐकू नका. हाँगकाँगसाठी वेगळी ऑनलाइन नोंदणी लागते, चीनचा व्हिसा नाही. पण शांघायहून हाँगकाँग करून परत शांघायला येणार असाल तर चीनचा व्हिसा दोन वेळच्या प्रवेशाचा काढा. पायी फिरण्यात ज्यांना मजा वाटते अशा दहा-बारा वर्षांच्या मुलांना माझा वरचा सगळा वैताग लागू नाही, त्यांना खुशाल बीजिंगला न्या, हौदांसकट.

आणि १ ते ७ ऑक्टोबर चुकूनही येऊ नका, तेव्हा अख्खा देश सुट्टीवर बाहेर पडतो. मेच्या पहिल्या पाच दिवसांचंही तेच. जूनच्या मध्यापासून इथे चिकचिकीत पाऊस आणि मग उकाडा. दिवाळीची सुट्टी उत्तम. फक्त थंडीचे कपडे घ्या, नाहीतर पार्कातली प्रत्येक आजी तुमच्या मुलांच्या उघड्या पायांकडे बोट दाखवून तुम्हाला झापेल.