रात्री आकाश उजळून टाकणारी मोठी उल्का तुम्ही प्रत्यक्ष पाहिलीय का? ती उल्काच होती हे कसं ओळखलंत?

पाहिलीय, पण खरं सांगायचं तर उल्का नंतर, आधी स्वतःची सावली पाहिली.

डिसेंबर २०२०. वर्क फ्रॉम होम चालू होतं म्हणून मी गावीच होतो, जुन्नर तालुका, नारायणगावपासून जवळ. त्या आठवड्यात मोटारीला थ्री फेज लाईट रात्रीची, त्यामुळं दिवसा लॅपटॉप आणि रात्री गव्हाला पाणी असं चाललेलं. १३ तारीख, रविवारची रात्र, दुसऱ्या दिवशी सोमवती अमावस्या, म्हणजे चंद्राचा पत्ताच नाही आणि अंधार असा की हातातल्या फावड्याचा दांडा दिसेना. त्यात आमच्याकडं बिबट्याचं भ्या, म्हणून मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावलेली आणि बॅटरीचा झोत सारखा उसाकडं मारायचा. आबा मोटारीपाशी, मी वाफ्यात.

साडेबारा-पाऊण झाला असेल. वाफा भरत आला होता, बॅटरी बंद करून खिशात टाकली, दोन्ही हातांनी फावडं धरून वाकलो आणि समोरचं पाणी एकदम चकाकलं. चिखलावर माझी सावली पडली, फावड्यासकट, अगदी कडा दिसतील इतकी स्पष्ट, आणि ती सावली फिरली. रात्री रस्त्यावरून ट्रक वळताना घरातल्या भिंतीवर खिडकीच्या गजांची सावली कशी पळते ना, तशी. गव्हाची पात हिरवट पांढरी दिसली, उसाची अख्खी कड दिसली (बिबट्या नव्हता, तेवढ्यात ते पण बघून घेतलं). मान वर करेपर्यंत खेळ खल्लास. पश्चिमेला शिवनेरीच्या अंगाला खडूनं ओढल्यासारखी एक फिकट रेघ तेवढी राहिली होती, ती पण बघता बघता विरली. सगळं मिळून दोन सेकंद पण नसतील.

डोक्यात पहिलं काय आलं तर डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर उडाला. आबांना पण तेच वाटलं, तिकडून ओरडले, "अरे तार तुटली का काय, पाण्यातनं भाईर ये आधी!" पण मोटार आपली चालूच, आवाज कसलाच नाही. मग म्हणाले तारा तुटला, कोणीतरी मोठं माणूस गेलं असणार. आणि थोड्या वेळानं, "का खोडदच्या डिशवाल्यांनी काय सोडलं रे?" आमच्याकडं काहीही झालं की नाव जीएमआरटीवर, म्हणजे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर जातं. तिथं ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत, पण त्या आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी गोळा करतात, सोडत काहीच नाहीत. शाळेत असताना २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन बघायला आम्हाला तिथं न्यायचे, आकाशाचं जे काय थोडंफार वेड लागलं ते तिथूनच.

आता ओळखलं कसं. ती विरत चाललेली रेघ मी डोळ्यानंच उलटी मागं नेली, तर ती डोक्यावरच्या मृगाच्या बाजूनं जाऊन पार पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांपाशी पोचत होती, म्हणजे मिथुन रास. आणि १३-१४ डिसेंबर म्हणजे मिथुनेच्या उल्कावर्षावाची मेन रात्र, त्यातल्या उल्का ह्याच राशीतून निघाल्यासारख्या दिसतात. हा वर्षाव जरा वेगळाय, बाकीचे बहुतेक धूमकेतूंच्या कचऱ्यातून येतात, ह्याचा कचरा फेथन नावाच्या लघुग्रहाचा, जो १९८३ मध्ये सापडला. ते खडे सेकंदाला साधारण ३५ किलोमीटरनं वातावरणात घुसतात, म्हणजे पुणे-मुंबई चार-पाच सेकंदात. एवढ्या स्पीडमध्ये पुढची हवा दाबली जाऊन भयंकर तापते आणि खडा वितळून त्याची वाफ होते, आपल्याला दिसतो तो उजेड त्या पेटलेल्या वाफेचा आणि हवेचा. माझ्या वाफ्यात सावली पाडणारा दगड किती मोठा असेल असं लोक विचारतात, तर सुपारी, फार तर लिंबू. ह्या वर्षावातले खडे वरच्या वर संपतात, त्यामुळं सकाळी शेतात दगड शोधत फिरू नका (मी फिरलो).

आवाजाचं पण बरेच जण विचारतात. उल्का पेटते तेव्हा ती ८०-१०० किलोमीटर वर असते, तिथून आवाज निघून खाली पोचलाच तरी चार-पाच मिनिटं लागणार, आणि लिंबाएवढ्या खड्याचा तो पोचत नाहीच. मोठा धोंडा असेल तर मात्र गोष्ट वेगळी. रशियात चेल्याबिन्स्कला १५ फेब्रुवारी २०१३ ला सकाळी साधारण २० मीटरचा दगड फुटला, लोक उजेड कसला म्हणून खिडकीपाशी गेले आणि धक्का पोचला मिनिट-दोन मिनिटांनी, तेव्हा काचा अंगावर आल्या, दीडेक हजार लोक जखमी. तेव्हा असा उजेड पडला तर खिडकीकडं धावू नका एवढंच.

आणि उल्का नसलेली 'उल्का' सांगतो. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ, यवतमाळचे आमचे दाजी, त्यांनी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ टाकला, आकाशातून पेटलेले तुकडे एका ओळीत सावकाश चाललेत, खाली "हीच का तुझी ती उल्का?" मी म्हटलं दाजी, खिशातून मोबाईल काढून, लॉक उघडून, ताईला हाक मारून व्हिडिओ काढायला वेळ मिळाला ना, मग ही उल्का नाही. कक्षेतून पडणारा रॉकेटचा सांगाडा सेकंदाला सात-आठ किलोमीटरनंच येतो, तो पण जवळजवळ आडवा, म्हणून असा रेंगाळत तुटत जातो. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला दोन-तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलेलं सापडलं, आणि रॉकेटांचा हिशोब ठेवणारे जोनाथन मॅकडॉवेल म्हणाले की फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटचा हा टप्पा असावा. दाजींना ते पटलं, पण माझ्या व्हिडिओचं काय असं विचारतात, तर माझ्याकडं व्हिडिओ नाहीच, सावलीचा कोण काढतो?

त्या रात्री मी नंतर तासभर बांधावर मान वर करून बसलो, बारीक बारीक वीसेक तरी मोजल्या. तेवढ्यात वाफा फुटून सगळं पाणी शेजारच्या हरभऱ्यात गेलं. आबा त्या हरभऱ्याचं अजून काढतात, उल्केचं नाही.