उडी मारल्यावर मागची जागा रिकामी होते का?

प्रश्न : काही जनुकं जीनोममध्ये, म्हणजे पेशीतल्या सगळ्या डीएनएमध्ये, 'उडी मारतात' असं वाचलं. उडी मारली म्हणजे जुनी जागा सुटली. मग माणसाच्या जीनोममध्ये अशा तुकड्यांच्या लाखो प्रती झाल्या कशा? आणि हे अजून चालू आहे का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : तुझी शंका रास्त आहे. घोळ 'उडी' या शब्दाचा आहे, आणि वर्गात तो शब्द मीही बरीच वर्षं वापरला.

मक्याला तो शोभतो. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ बार्बरा मॅक्क्लिंटॉक यांनी १९४०च्या दशकात मक्याच्या फिक्या दाण्यांवर जांभळे ठिपके पाहिले. रंगाच्या जनुकात अडकलेला तुकडा एखाद्या पेशीतून निघून गेला, की त्या पेशीच्या वंशात रंग परत येतो. तुकडा लवकर निघाला तर ठिपका मोठा, उशिरा निघाला तर बारीक. भिंगाखाली असा दाणा एकदा जरूर बघ. (या कामाला नोबेल मिळालं ते १९८३ मध्ये.) इथे तुकडा खरोखरच जागा सोडतो. तरी पेशी डीएनएची प्रत काढत असताना तो प्रत झालेल्या भागातून न झालेल्या भागात गेला, तर एकाचे दोन होतात.

माणसातली मुख्य गोष्ट मात्र वेगळी आहे. आपल्या जीनोमचा सुमारे १७ टक्के भाग 'लाइन-१' नावाच्या तुकड्यांनी भरलेला आहे, आणि लाइन-१ जागेवरून हलतच नाही. त्याच्यापासून आरएनए, म्हणजे त्याची तात्पुरती प्रत, बनतो, तो केंद्रकाबाहेर जातो, त्यावरून दोन प्रथिनं तयार होतात आणि ती बहुतेक वेळा ज्या आरएनएवरून झाली त्यालाच चिकटतात. ही सगळी जोडणी केंद्रकात परतते. तिथे एक प्रथिन डीएनएचा एक धागा कापतं, तेही शक्यतो टी अक्षरं (डीएनएच्या ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांपैकी एक) ओळीने असतील तिथे. आरएनएच्या शेपटीला ए अक्षरांची माळ असते. ए आणि टी जुळतात, आणि त्या जुळलेल्या टोकापासून तेच प्रथिन आरएनए वाचत जागच्या जागी डीएनए विणायला लागतं.

म्हणजे नक्कल शेपटीकडून सुरू होते. ती मध्येच तुटली, तर डोकं राहून जातं. नवा आरएनए बनवण्याची सुरुवात डोक्याकडच्या भागातून होते, त्यामुळे बिनडोक्याची प्रत पुढे काहीच करू शकत नाही. पूर्ण लाइन-१ सुमारे ६,००० अक्षरांचा. आपल्याकडे त्याच्या ५ लाखांच्या आसपास प्रती आहेत आणि बहुतेक अशा अर्धवट. नक्कल करू शकणाऱ्या जेमतेम ८० ते १००.

पडद्यावर अक्षरांची रांग वाचताना असा तुकडा मी पहिल्यांदा स्वतः ओळखला तो शेपटीवरून. आधी एएएए अशी लांब माळ दिसली. मग दोन्ही कडांना तीच डझनभर अक्षरं, तशीच्या तशी. डीएनएचे दोन धागे समोरासमोर कापले जात नाहीत, थोडे पुढे-मागे कापले जातात. तेवढी जागा दोन्हीकडे भरून काढताना ती अक्षरं दुप्पट होतात. त्या दिवशी मी त्या कडा पुन्हा पुन्हा मोजल्या.

'अलू' नावाचा तुकडा तर अवघा ३०० अक्षरांचा. त्याचं स्वतःचं एकही प्रथिन नाही. लाइन-१ची यंत्रणा वापरून त्याच्या १० लाखांहून जास्त प्रती झाल्या आहेत.

हे आजही चालू आहे. पेशी या तुकड्यांवर मिथाइल नावाच्या छोट्या रासायनिक खुणा चढवून त्यांना गप्प ठेवते, तरी एखादा सुटतो. १९८८ मध्ये जनुकशास्त्रज्ञ हेग काझाझियन आणि सहकाऱ्यांना हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या) २४० रुग्णांपैकी दोघांच्या, रक्त गोठायला लागणाऱ्या 'फॅक्टर ८' प्रथिनाच्या जनुकात लाइन-१ घुसलेला आढळला. तो आईवडिलांच्या त्या जनुकात नव्हता. १९९१ मध्ये त्यांपैकी एका तुकड्याचं मूळही सापडलं. फॅक्टर ८ आहे एक्स गुणसूत्रावर, आणि मूळ तुकडा होता २२व्या गुणसूत्रावर, आपल्या जागी, पूर्ण लांबीचा.