श्रद्धा आटली, पूजेची पाळी मात्र चालू आहे

गोव्यातल्या देवळात पाळीने पूजा करणाऱ्या भटाची देवावरची श्रद्धाच गेली, तर काय करावं? जत्रेच्या जागरणांनंतर आलेला कंटाळा आणि श्रद्धा जाणं यात गल्लत करू नका. महिनाभर विश्रांतीनंतरही मन कोरडंच राहिलं, तर पुढचं बघा.

पहिल्यांदा प्रसाद-पाकळीतून, म्हणजे देवाला कौल लावायच्या कामातून, बाजूला व्हा. अभिषेक, आरती हा पाठ झालेला विधी. तो नीट केलात तर यजमानाची फसवणूक होत नाही. पण मुलीचं लग्न, कुणाचं ऑपरेशन असं गाऱ्हाणं घालून उजवी-डावी पाकळी वाचायची, लोक त्यावर निर्णय घेतात. आतून पटत नसताना तेच जास्त जाळतं. ते काम भावाबंदांकडे सोपवा.

राजीनाम्याआधी राहायची सोय. खोली देवळाच्या आवारात असेल तर सेवेबरोबर सहसा तीही जाते. दुसऱ्याच्या जमिनीवरच्या घरात राहणाऱ्याला हुसकावण्यापासून वाचवणारा 1975 चा मुंडकार कायदा प्रत्येक खोलीला आपोआप लागत नाही. कागद वकिलाला दाखवा. दक्षिणा रोख, म्हणून बँक कर्जाला उभी करत नाही. आतापासून पैसे खात्यात भरा, आयकर विवरणपत्र भरा.

चतुर्थी किंवा जत्रेच्या तोंडावर सोडू नका, बदली भट मिळत नाही आणि बोल तुम्हालाच लागतो. देवळाचा कारभार बघणाऱ्या मुखत्याराला लेखी कळवा, कारण 'वैयक्तिक' एवढंच पुरे. चांदीची उपकरणी वजनासह लिहून द्या: पळी, पंचपात्र, निरांजन, प्रत्येकाचे ग्रॅम वेगळे. पोच घ्या, सही-शिक्क्यासह. वर्षभराने एखादी समई कमी भरली की पहिलं नाव गेलेल्याचंच निघतं.

बायकोला मात्र सगळ्यांच्या आधी सांगा.