दारावर देणगी मागणारे आणि नको असलेले फोन : काय करावे?

तुम्ही विचारलंय की मुलुंडच्या सोसायटीत आठवड्यातून दोनदा कोणीतरी संस्थेचं ओळखपत्र दाखवून देणगी मागतं, नाही म्हणायला जड जातं, आणि त्यात दिवसभर लोन-प्लॉटचे फोन. काय करावं?

दारावर एकच नियम पाळा: पैसे त्या क्षणी द्यायचे नाहीत. जाळीचा दरवाजा न उघडता म्हणा, ‘नोंदणी क्रमांक लिहून द्या, पटलं तर मी स्वतः पाठवेन.’ आलेला मुलगा किंवा मुलगी अनेकदा संस्थेची नसून एजन्सीची असते, आणि त्यांना रोजचा आकडा गाठायचा असतो. म्हणून आवाज चढवू नका, फक्त ठाम राहा. आजारी मुलाचा फोटो पुढे केला तरी हेच उत्तर द्या. खऱ्या संस्थेला उद्याची देणगीही चालते.

मग कागद तपासा. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे असते. मुंबईचं कार्यालय वरळीला आहे. पावतीवर नोंदणी क्रमांक, पॅन आणि ८०जी चा (देणगीवर आयकरात सवलत देणाऱ्या कलमाचा) उल्लेख हवा. ही सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही. ‘रोखच द्या, ८०जी आहे’ असं कोणी मोठ्या रकमेसाठी म्हणालं, तर तिथेच थांबा. वर्गणी मागणारं मंडळ नोंदणीकृत नसेल, तर त्याला महाराष्ट्राच्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. ती दाखवायला सांगा.

सगळ्यात जास्त फसगत टॅबवर होते. ‘फक्त ५०० रुपये’ म्हणत दरमहा कापून घेण्याची संमती घेतली जाते. कार्ड नंबर किंवा ओटीपी दारात देऊ नका. संमती देऊन बसला असाल, तर यूपीआय ॲपमधल्या ‘ऑटोपे’मध्ये जाऊन ती रद्द करा. बँक खात्यातून थेट कापलं जात असेल, तर बँकेत लेखी अर्ज द्या. नुसतं संस्थेला फोन करून भागत नाही.

सोसायटीत कमिटीकडून एवढं ठरवून घ्या: सेक्रेटरीच्या लेखी परवानगीशिवाय कोणालाही वर सोडायचं नाही. वॉचमनला तोंडी सांगितलेलं ड्युटी बदलली की विसरलं जातं, त्यामुळे सूचना गेटच्या रजिस्टरला चिकटवा.

जाहिरातीचे फोन बंद करण्यासाठी १९०९ वर इंग्रजी अक्षरांत ‘स्टार्ट ०’ असा एसेमेस पाठवा. बँकेचे ओटीपी त्याने थांबत नाहीत. तरीही जाहिरातीचा फोन आला, तर नुसतं ब्लॉक करू नका. तो दुसऱ्या सिमवरून पुन्हा येतो. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) डीएनडी ॲपवर नंबर, तारीख आणि काय विकत होते ते लिहून ७ दिवसांच्या आत तक्रार करा. १४० ने सुरू होणारे नंबर नोंदणीकृत जाहिरातवाल्यांचे असतात. साध्या दहा आकडी मोबाईलवरून विकणाऱ्याची तक्रार तर हमखास करा, कारण तक्रारी साठल्या की त्याच्यावर कारवाई होते. फोनवर केवायसी किंवा पार्सलची भीती घातली, तर तो नंबर ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवरच्या ‘चक्षू’ सुविधेवर कळवा. पैसे गेलेच असतील, तर आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, तेही लगेच. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत सरकते.