ध्यान करायचं, लावायचं की लागायचं?

विचारणा अशी आहे : 'रंकाळ्यावर सकाळी योगवर्गाला जाते. मॅडम "ध्यान करा" म्हणतात, शेजारचे काका "ध्यान लावा" म्हणतात. बरोबर कोणतं? आणि मातीनं माखून आलेल्या नातवाला आजी "काय ध्यान हाय हे!" म्हणते, तो शब्द हाच का?'

दोन्ही प्रयोग बरोबर आहेत, पण त्यांचा अर्थ एक नाही. 'ध्यान करणे'ला 'कशाचं?' हा प्रश्न लगेच चिकटतो : विठ्ठलाचं, गुरूंचं, ॐकाराचं. 'लावणे'मध्ये प्रयत्न आहे. मराठीचं खरं मर्म मात्र तिसऱ्या रूपात आहे, ते म्हणजे 'ध्यान लागणे'. इथे 'मी' उरत नाही, 'मला' येतं. मला झोप लागली, मला तहान लागली, तसंच मला ध्यान लागलं. कर्तेपण गळून पडतं, आणि या साधनेचा रोखही तिकडेच आहे.

पतंजलींनी योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात, म्हणजे प्रकरणात, हाच भेद केला आहे. चित्त एका ठिकाणी बांधणं ही धारणा. ते ठिकाण कोणतं, तर व्यासभाष्यात, म्हणजे या सूत्रांवरच्या जुन्या टीकेत, नाभी, हृदय, नाकाचा शेंडा, जिभेचा शेंडा अशी यादी आहे. त्याच ठिकाणी जाणिवेचा प्रवाह अखंड राहिला की ते ध्यान : 'तत्र प्रत्ययैकतानता ध्यानम्'. म्हणजे आपल्या हातात आहे ती धारणा. श्वासावर मन ठेवायचं, ते पळालं की ओढून परत आणायचं, पुन्हा ठेवायचं. पहिले कित्येक दिवस एवढंच चालतं आणि ते काही वाया जात नाही.

जुने आचार्य ध्यानाला तेलाच्या न तुटणाऱ्या धारेची उपमा देतात. कोल्हापूरकरांनी त्यासाठी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर उभं राहून बघावं. गवळी कासेवर पाणी मारतो, सड चोळतो. सुरुवातीला धार बारीक, तुटक येते. म्हैस पान्हावली की तीच धार जाड होते आणि ग्लासात फेस चढतो. धार गवळी काढतो खरा, पण पान्हा त्याला काढता येत नाही, तो फुटावा लागतो. चोळणं ही धारणा, पान्हा फुटल्यावरची धार हे ध्यान. म्हणून वर्गात 'धारणा करा' म्हटलं तर ते सर्वात नेमकं होईल असं मला वाटतं. डोळे मिटून दोन मिनिटांत 'ध्यान झालं का?' असं विचारणं मात्र मला खटकतं.

आजीचा शब्दही हाच. ज्याचं चिंतन करायचं त्या रूपालाही ध्यानच म्हणत. पूजेआधी देवतेच्या रूपाचं वर्णन करणारा ध्यानश्लोक म्हणतात, तो त्यातलाच. तुकोबांच्या 'सुंदर ते ध्यान उभे विटेवरी'मध्ये ध्यान म्हणजे डोळ्यांपुढची मूर्ती. मूर्तीवरून रूप, रूपावरून अवतार, आणि पुढे नजरेत भरणारा गबाळा अवतार, असा या अर्थाचा प्रवास दिसतो. आजीच्या स्वरात राग कमी आणि माया जास्त असते, कारण नातवाला ती डोळे भरून बघत असते.